एकच नट म्हातारा करायचा की दोन जोड्या घ्यायच्या? जन्मभराच्या प्रेमाच्या सिनेमाबद्दल एका रंगभूषावाल्याचं उत्तर

तुझा प्रश्न आधी थोडक्यात सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बेळगावच्या वडगावातल्या एका विणकर जोडप्यावरची लघुकादंबरी तुला आवडली, लेखकाची परवानगी मिळाली, आता त्यावर दोन तासांचा सिनेमा करायचाय. गोष्ट १९६७ ला लग्नापासून सुरू होते आणि २०१७ ला नवरा जातो तिथं संपते. तयारी म्हणून तू 'लव्ह इन द टाइम ऑफ कॉलरा' आणि 'द नोटबुक' हे दोन्ही सिनेमे बघितलेस आणि आणखीनच गोंधळलास. विचारतोस, "काका, एकाच नटाला मेकअपने म्हातारा करू की तरुण-म्हातारी अशा दोन जोड्या घेऊ? आणि कादंबरीत ती दोघं एकदाही एकमेकांना प्रेम आहे म्हणत नाहीत, मग पडद्यावर दाखवू कसं?"

मी गेली २९ वर्षं रंगभूषा करतोय, बेळगाव, निपाणी, खानापूर, गडहिंग्लज, तिकडं धारवाडपर्यंत, यात्रेतली नाटकं, स्पर्धेची नाटकं, कन्नड सीरियल, शॉर्टफिल्म सगळं केलंय, आणि यातलं निम्मं काम म्हणजे तरुण माणसाला म्हातारं करणं. म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: दोन जोड्या घे, पण तू समजतोयस तशा नाही. वीस-बावीसची एक जोडी घे लग्नाच्या आसपासच्या सीनसाठी. आणि दुसरी जोडी सत्तरीची नको, खऱ्या पन्नाशीची घे, नवरा बावन्न-पंचावन्नचा, बाई पन्नासच्या आतबाहेरची. ह्या दुसऱ्या जोडीकडून तुला अडतीसपासून सत्तरपर्यंतची सगळी वर्षं काढायची आहेत. पन्नाशीच्या चेहऱ्याला पंधरा वर्षं खाली आणि पंधरा-वीस वर्षं वर नेता येतं, कारण कातडी खरी सैल झालेली असते, डोळ्याखाली खऱ्या पिशव्या असतात, मान खरी असते. तिशीच्या नटीला सत्तरची करायला घेतलीस की मी खुर्चीत चार तास घालवूनही कॅमेरा जवळ आला की प्रेक्षक तिच्याकडं नाही, माझ्या कामाकडं बघणार.

कॉलरात नेमकं हेच झालंय. सिनेमा २००७ चा, मार्केझच्या कादंबरीवरचा, दिग्दर्शक माइक न्यूवेल, पटकथा रोनाल्ड हारवूडची, शूटिंग कोलंबियात कार्ताहेनाला. नायक फ्लोरेंतिनो आरिसा लहानपणी एक नट करतो, उनाक्स उगाल्दे, आणि मोठा झाल्यावर हाविएर बार्देम. पण तो जिच्यासाठी झुरतो ती फर्मिना दासा मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच, जोव्हान्ना मेझोजोर्नो. म्हणजे एकीकडं पोरगा बदलून वेगळाच माणूस झाला आणि दुसरीकडं तीच बाई शाळकरी पोर पण आहे आणि बहात्तरची विधवा पण आहे, आणि स्वतः नटी त्या वेळी जेमतेम बत्तीस-तेहतीसची. मी तो सिनेमा तीन वेळा बघितला, दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी आवाज बंद करून नुसते चेहरे बघितले. दोघांचं वय एकाच चालीनं पुढं जात नाही. बार्देम वाकतो, चालणं बदलतो, अंग आखडून घेतो, तो मेहनतीचा नट आहे, त्याच्यात वय उतरतं. पण दोघं एका फ्रेममध्ये आली की माझ्या डोळ्याला दोन वेगवेगळ्या घड्याळांतले काटे दिसतात. जन्मभराच्या प्रेमाच्या गोष्टीत हे चालत नाही रे. बाकी सगळं चुकलं तरी चालेल, पण ती दोघं एकाच काळात म्हातारी झाली हे पटलं पाहिजे.

नोटबुकवाल्यांनी दुसरी वाट धरली. पुस्तक निकोलस स्पार्क्सचं, १९९६ चं, सिनेमा २००४ चा. तरुणपणी रायन गॉसलिंग आणि रेचल मॅकअॅडम्स, म्हातारपणी जेम्स गार्नर आणि जीना रोलँड्स. आता खरं सांगायचं तर गॉसलिंग आणि गार्नर एकमेकांसारखे अजिबात दिसत नाहीत, नाक नाही, जबडा नाही, काहीच नाही. तरी चालून जातं. का, तर गोष्टीची गाठच अशी आहे की एक म्हातारा एका विसरभोळ्या बाईला वही वाचून दाखवतोय आणि ही वहीतली दोघं म्हणजे हीच दोघं काय, हे आपल्याला सुरुवातीला सांगितलेलंच नाही. चेहरे जुळत नाहीत ते तिथं कामाला येतं. तुझ्या गोष्टीत अशी गाठ नाही, त्यामुळं त्यांनी केलं म्हणून मी करतो असं करू नकोस. आणि एक गोष्ट, दिग्दर्शक निक कॅसाव्हेटिसनं त्या म्हाताऱ्या बाईच्या कामाला स्वतःच्या आईला घेतलं होतं, जीना रोलँड्स त्याची आई. वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, त्यानंच सांगितलं की आईला अल्झायमर आहे, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती गेली. मी त्यानंतर तो सिनेमा परत लावला आणि वही वाचून दाखवायच्या सीनला मला बंद करावा लागला.

आपल्याकडचं एक उदाहरण पण बघून ठेव, राजा परांजपेंचा 'ऊन पाऊस', १९५४ चा. चाळिशीतला माणूस म्हातारा मास्तर झालाय आणि कुठंही खटकत नाही. ब्लॅक अँड व्हाइटची मदत होतीच, रंगीत डिजिटल कॅमेऱ्यापुढं ती सवलत आपल्याला मिळत नाही, पण खांदे आणि पाऊल उचलायची पद्धत बघ.

आता मेकअपचं. निपाणीजवळच्या एका गावात यात्रेला नाटक होतं, बरीच वर्षं झाली त्याला, शेवटच्या अंकात म्हातारं जोडपं. बाईचं काम करणारी पोरगी चोवीसची. मी तिचा चेहरा अडीच तास घेऊन केला, रेषा, सावल्या, केस, सगळं. नाटक झाल्यावर समोरच्या रांगेत बसलेली एक आजी मुद्दाम मागं आली, त्या पोरीचे दोन्ही हात हातात घेतले आणि मला म्हणाली, "तोंड म्हातारं केलासा, हात तरणेच ठेवलासा की वो. ह्या हातांनी कधी भाकरी थापल्यात असं वाटत न्हाई." तिनं स्वतःचे हात पुढं केले. अंगठ्याजवळ भाजल्याचे तीन-चार जुने डाग, मनगटावर बांगड्यांनी घासून गुळगुळीत झालेला पट्टा, नखं जाड आणि आडव्या रेघांची, आणि उजव्या हाताची दोन बोटं तंबाखूनं पिवळी पडलेली, बिड्या वळून. त्या दिवसापासून मी हातापासून सुरुवात करतो, चेहरा शेवटी.

तुझ्या सिनेमासाठी मी काय काय बघेन ते सांगतो, क्रमानं नाही, आठवेल तसं.

कान. आपल्या बायकांच्या कानाचं भोक वयाप्रमाणं लांबत जातं, जड कुड्या घातलेल्या असल्या तर साठीला त्याची उभी फट होते, बऱ्याच जणी मग दोऱ्यानं कुडी कानाच्या वरून बांधतात. वीस वर्षांच्या पोरीचा गोल बारीक टिंब आणि सत्तरीच्या बाईची फट, ह्यात पन्नास वर्षं आली, एक शब्द नको. कपाळ. १९६७ ची नवरी मेणावर पिंजर कुंकू लावणार. ऐंशी-नव्वदच्या दरम्यान घराघरात चिकटायची टिकली आली, आणि रोज त्याच जागी चिकटवून चिकटवून खूप बायकांच्या कपाळावर डिंकानं पांढरा डाग पडतो, तू तुझ्या आत्या-मावश्यांकडं नीट बघ, एखादीला तरी दिसेल. नवरा गेल्यावर ती टिकली काढते आणि तो पांढरा गोल डाग तसाच राहतो. हा शॉट मी तुझ्याकडं मागतोय असं समज. कुंकू पुसायचा रडारडीचा सीन नको, फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी ती चुलीपुढं बसलीय आणि कपाळावर टिकलीच्या मापाचा डाग आहे.

केस. सिनेमात केस हळूहळू पांढरे होतात, खऱ्या आयुष्यात तसं होत नाही. बेचाळीस-पंचेचाळिशीला माणूस डाय सुरू करतो, कोणी मेंदी लावून लाल करतो, आणि मग एक दिवस बंद करतो, आजारपणात, नाहीतर घरात कोणी गेल्यावर, आणि दोन महिन्यांत एकदम दहा वर्षं म्हातारा दिसतो. हे वापर. पांढरा रंग लावताना कोरा पांढरा लावू देऊ नकोस, कॅमेऱ्यात निळा मारतो, त्यात थोडा पिवळसर पाहिजे. बाईचे दात, मिश्री लावणारी असेल तर मुळाशी काळपट. पुरुषाच्या मानेवर मागं चौकटी पडतात, ते लेटेक्सनं, म्हणजे पातळ रबरानं, सहज होतं: कातडी ताणून धरायची, पातळ लेटेक्स स्पंजनं टिपायचं, ड्रायरच्या गार हवेवर वाळवायचं, पावडर मारायची आणि मग सोडायचं, सुरकुत्या आपल्या आपण पडतात. पण आदल्या दिवशी कानामागं थोडं लावून बघितल्याशिवाय कुणाच्याही तोंडाला लेटेक्स लावू नकोस, काही जणांना त्याची अॅलर्जी असते, सकाळी नट सुजलेल्या तोंडानं आला तर दिवस गेला. आणि भुवयांवर आधी व्हॅसलीन.

आता खरं म्हणायचं ते म्हणतो. मेकअप, दोन जोड्या, हे सगळं नंतर. तू कॉलरा बघून फ्लोरेंतिनोच्या मागं लागलायस असं तुझ्या प्रश्नावरून वाटलं. साहजिक आहे, एक माणूस ५१ वर्षं, ९ महिने आणि ४ दिवस एका बाईची वाट बघतो, तिचा नवरा गेला त्याच दिवशी तिच्या दारात जाऊन परत सांगतो, असं वाचल्यावर कोण हलणार नाही. मार्केझचं पुस्तक १९८५ चं, स्वतःच्या आईवडिलांच्या लग्नाआधीच्या गोष्टीवरून त्यानं बरंच घेतलं होतं, वडील तार ऑफिसात होते, फ्लोरेंतिनो पण तारवाला. पण अरे, त्या कादंबरीत पन्नास वर्षांचा संसार कुणाचा आहे? फर्मिनाचा आणि डॉक्टर उर्बिनोचा. तो ८१ वर्षांचा डॉक्टर, पोपट धरायला शिडीवरून आंब्याच्या झाडावर चढतो आणि पडून मरतो, आणि मरताना धावत आलेल्या बायकोला म्हणतो की माझं तुझ्यावर किती प्रेम होतं ते देवालाच ठाऊक. आयुष्यभर धड सांगितलं नाही, आंब्याखाली पडल्या पडल्या सांगितलं. तुझं वडगावचं जोडपं फ्लोरेंतिनोच्या कुळातलं नाही, ते ह्या डॉक्टरच्या घरातलं आहे. वाट बघणाऱ्याचं प्रेम सिनेमात दाखवायला सोपं असतं, दूर उभा करायचा, पत्रं लिहायला लावायची, पाऊस पाडायचा. एका घरात राहणाऱ्यांचं प्रेम अवघड.

त्या पुस्तकात त्यांचं सगळ्यात मोठं भांडण कशावरून झालंय माहितीय? साबणावरून. न्हाणीघरात साबण संपलेला असतो, डॉक्टर म्हणतो जवळजवळ आठवडाभर मी साबणाशिवाय आंघोळ करतोय, तिला माहीत असतं की एवढे दिवस झाले नाहीत, पण साबण ठेवायला आपण विसरलो हे पण माहीत असतं, आणि दोघांपैकी कुणीच माघार घेत नाही, महिनोन् महिने बोलणं बंद, तो दुसरीकडं झोपतो. शेवटी एका रात्री तिच्याच पलंगावर त्याला डोळा लागतो, ती उठवायला जाते तेव्हा तो म्हणतो मला इथंच राहू दे, साबण होता. बस. हे वाचताना मला आमच्या गल्लीतली चार घरं आठवली. पटकथा करताना लोक असलीच पानं आधी फाडतात, कारण त्यात घटना काही नाही. लग्न ठेवतात, पोराचा जन्म ठेवतात, आजारपण, मरण ठेवतात, आणि मधली तीस वर्षं एका गाण्यात उरकतात, कॅलेंडरची पानं उडतात, पोरं मोठी होतात, गाणं संपलं की हिच्या डोक्याला पांढरी बट. ती उरकलेली तीस वर्षंच तुझा सिनेमा आहे. तुझ्याकडं शूटिंगचे बावीस दिवस आहेत म्हणालास, त्यातले बारा पस्तीस ते साठ ह्या वयाला दे.

आणि तुझ्या गोष्टीत सोनं तर आधीच पडलंय. कादंबरीत एकच ओळ आहे ना, की खड्डा माग काढून घरात यंत्रमाग आला. तिथं थांब. खड्डा मागाच्या वेळी घर कसं असतं, नवरा खड्ड्यात पाय सोडून बसलेला, धोट्याचा ठक-ठक आवाज, बायको बाजूला कांड्या भरत बसलेली, दोघं बोलत बोलत काम करतायत, आवाज असा की त्यात बोलणं मावतं. यंत्रमाग आला की बोलणं बुडालं. तू कधी चालू यंत्रमागाच्या खोलीत उभा राहिलायस काय? शेजारच्या माणसाला हाक ऐकू जात नाही. पंधरा-वीस वर्षं त्यात काढलेल्या माणसाचा कान जातो, वडगाव-खासबागच्या बाजूला पन्नाशी-साठीतले कितीतरी विणकर तुला मोठ्यानं बोलताना दिसतील, आपला आवाज चढलाय हे त्यांना कळत नाही.

माझ्या ओळखीच्या एका घरात मी हे बघितलंय. मावशीला मामांशी काही बोलायचं असलं की ती आधी दोन बोटांनी त्यांच्या कोपराच्या वर हलकं दाबायची, ते मान वळवायचे, मग ती बोलायची. दिवसातनं पन्नास वेळा. मी चहा पीत बसलो होतो तेवढ्यात सात-आठ वेळा बघितलं, पाणी देऊ काय, लाइट जाणार आहे, भावजी आल्यात, प्रत्येक वेळी ती दोन बोटं. पुढं मामांनी माग विकला, घर एकदम शांत झालं, कान काही परत आला नाही, बोटं पण तशीच राहिली. आणि मामा गेल्यावर मी भेटायला गेलो तेव्हा ती पोराशी बोलताना, त्याचे कान चांगले, तरी आधी त्याच्या कोपराला बोटं लावत होती. त्यालाही ते कळलेलं, तो काही बोलत नव्हता, मान वळवत होता वडिलांसारखी.

हे घे तुला. मावशीला मी विचारलंय, नाव-गाव न सांगता वापरायला तिची हरकत नाही. कादंबरीत नाही म्हणून घाबरू नकोस. रूपांतर म्हणजे पुस्तकातली वाक्यं पात्रांच्या तोंडात कोंबणं नव्हे. मार्केझचं ते पुस्तक बघ, पानंच्या पानं निवेदन, संवाद अगदी थोडे. ते सगळं निवेदनातलं वय सिनेमात कुठं ठेवायचं? सिनेमावाल्यांनी बरचसं चेहऱ्यावर ठेवलं आणि उरलेलं संवादात, वर इंग्रजीत, स्पॅनिश वळणाच्या इंग्रजीत. तू बोटांत ठेव. १९६७ मध्ये ती खड्डा मागाशेजारी बसून बोलते, हात लावायचं कारणच नाही, नवी नवरी चारचौघांत नवऱ्याला हात कशाला लावेल. यंत्रमाग आल्यावर पहिल्यांदा ती त्याला हाक मारते, दोनदा, तीनदा, तो ऐकत नाही, ती दाराकडं बघते कोण बघतंय काय, आणि मग हात लावते. नटांची जोडी बदलायची तर इथंच बदल. तरुण पोरगीचा हात फ्रेममध्ये येतो, यंत्रमागाचा आवाज, कट, आणि पन्नाशीच्या बाईचा तोच हात तसाच. चेहरे जुळले नाहीत तरी प्रेक्षक स्वीकारतो, हात जुळला पाहिजे. त्यासाठी शूटिंगच्या आधी चारही नटांना चार दिवस एका घरात ठेव, एकत्र जेवू दे, पदर कुठल्या हातानं खोचते, पाण्याचा तांब्या कसा धरते, तो चहा बशीत ओतून पितो की नाही, पायरी उतरताना कुठला पाय आधी, हे तरुण जोडीनं थोरल्या जोडीकडून उचलायचं. उलट नाही. थोरल्यांच्या सवयी खऱ्या असतात, तरुणांनी त्या शिकाव्या.

दुसरा प्रश्न, प्रेम आहे असं म्हणत नाहीत तर कसं दाखवायचं. ती पिढी नावच घ्यायची नाही एकमेकांचं, प्रेमाचं कुठं घेऊन बसलास. "ऐकलासा काय", "पोराचे बाबा", "आमच्यात" असं चालायचं. मी हॉस्पिटलात बघितलेली गोष्ट आहे, नवऱ्याला अॅडमिट करायला आणलेली एक आजी, काउंटरवरची पोरगी विचारतेय पेशंटचं नाव काय, आजी गप्प, परत विचारलं, आजीनं पिशवीतनं रेशनकार्ड काढलं आणि नावावर बोट ठेवलं. पोरीला कन्नड वाचता येत होतं, कार्डावर कन्नडमध्ये नाव, तिनं मोठ्यानं वाचलं आणि आजीनं मान खाली घालून "हां" म्हटलं. आता विचार कर, तुझ्या सिनेमात बाईनं आयुष्यात फक्त एकदा, लग्नात, उखाण्यात त्याचं नाव घेतलंय, आणि शेवटी त्याचे कान पूर्ण गेलेत, तो झोपलाय, खोलीत कुणी नाही, आणि ती त्याचं नाव नुसतं म्हणते. त्याला ऐकू जात नाही. संवाद एवढाच, तीन अक्षरं. पार्श्वसंगीत नको तिथं.

इंदिरा संतांना विसरू नकोस, बेळगावचाच माणूस आहेस. त्यांचे पती ना. मा. संत १९४६ साली गेले. इंदिराबाई २००० सालापर्यंत जगल्या, इथंच शिकवलं, पोरं वाढवली, आणि 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ' लिहिलं. चोपन्न वर्षं. तुझ्या नटीला ते संग्रह वाचायला दे, पटकथेत एकही ओळ वापरू नको, फक्त तिला दे. मागं राहिलेल्या माणसाचं प्रेम आवाज न करता किती वर्षं चालू राहतं हे तिला तिथं कळेल, मी खुर्चीत बसवून ते तिच्या तोंडावर काढू शकत नाही.

भाषेचं लवकर आवरतो. पुणेरी मराठी करू नकोस. लेकाच्या, नातवाच्या तोंडी कन्नड शब्द येऊ देत, म्हातारीच्या तोंडी आपलं "की" आणि "वो" असू दे, "काय कराय लागलाईस" असू दे. प्रकाश नारायण संतांच्या लंपन ह्या पोराच्या गोष्टींवर २०२४ मध्ये सीरिज आली तेव्हा बाहेरच्या लोकांनीही बेळगावची बोली प्रेमानं ऐकलीच की. सबटायटल असतात.

काळ दाखवायला खाली "सन १९७५" अशी पाटी टाकायची गरजच नाही आपल्या भागात, पाट्याच इतक्या बदलल्यात. १९७३ च्या नोव्हेंबरपर्यंत सरकारी कागदावर म्हैसूर राज्य, त्यानंतर कर्नाटक. २०१४ च्या १ नोव्हेंबरपर्यंत इंग्रजीत बेलगाम, मग बेळगावी. त्याच भिंतीवर, त्याच दुकानावर ही नावं बदलताना दिसली आणि त्याखालनं हीच दोघं पिशवी घेऊन चाललीत, झालं काम. राजकारण वर चाललंय, ह्यांचं बाजारात कांदे घेणं चाललंय. लग्नाची वरात रेल्वेनं आणायचा सीन आहे तुझा, तो मात्र तपास, तेव्हा इथं मीटरगेज होती, आता ब्रॉडगेज आणि वर विजेच्या तारा. स्टेशन दाखवू नकोस, डब्याच्या आतनं खिडकी दाखव. तार पण आहे कादंबरीत, भाऊ गेल्याची. तार सेवा २०१३ च्या जुलैत बंद झाली, तुझ्या टीममधल्या पोरांनी तारेचा कागद बघितलेला नसणार, जुन्या घरांतनं मागून आण, छापून केलेला लगेच ओळखू येतो.

शूटिंगचा क्रम सांगून थांबतो, कारण इथं बरेच जण चुकतात. म्हातारपण आधी शूट कर. पहिल्या आठवड्यात सत्तरीचे सीन, मग साठ, मग पन्नास, मग चाळीस, तरुण जोडी सगळ्यात शेवटी. थोरली जोडी काय काय करते ते तरुणांना समोर बघायला मिळतं, आणि मला पण लेटेक्स, केस, डाग हे सगळं कातडी ताजी असताना करता येतं, वीस दिवस मेकअप लावून काढून गाल लाल झाल्यावर म्हातारपण करायला घेतलं की कडा उचलतात. मे महिन्यात पत्र्याखाली यंत्रमागाच्या खोलीत शूट करायचं डोक्यात असलं तर काढून टाक, घामानं स्पिरिट गम, म्हणजे मिशी चिकटवायचा डिंक, सुटतो, मिशी हातात येते. डिसेंबर-जानेवारी बघ.

आणि ज्या बाईला तू म्हाताऱ्या रोलसाठी धरलंयस तिला घेऊन एकदा ये माझ्याकडं, बिनमेकअपची, सकाळी. येताना तिच्या रोजच्या बांगड्या आणि कुड्या आणायला सांग. कपाळाच्या डागाचे दोन-तीन नमुने करून बघू, तुझा कॅमेरावालाही असू दे बरोबर, कारण तो डाग किती फिका ठेवायचा हे मला लेन्समधनं बघूनच ठरवावं लागेल. यंत्रमागाचा आवाज मात्र तू आधी जाऊन रेकॉर्ड करून आण, खऱ्या खोलीतला, आणि रिहर्सलला तो मोठ्यानं लावून ठेव, म्हणजे तिला हात लावावाच लागेल.